मॅडमचा नारळवाला फोटो

बायोडेटा पुढे आला की मॅडम तो टेबलावर पालथा घालायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "ते असू दे. घरी कोण कोण हाय?" समोरची मुलगी गडबडायची. ती बिचारी यूट्यूबवर पाहून इंग्रजीत स्वतःची ओळख पाठ करून आलेली, आणि इथे तिच्या आजीच्या गुडघ्यांची चौकशी! पण मॅडमना ते सगळं लागायचं. "जिची घरी कोण वाट बघत नाय, ती पोर कुठंपण जाईल," असं त्या म्हणायच्या.

आमचं ऑफिस पेणला रामवाडीत, गणपतीच्या एका कारखान्याच्या माडीवर. खालची पांढरी धूळ लॅपटॉपवर बसायची आणि मी दिवसभर चिडचिड करत ती पुसायचे. मुंबईच्या एका वेब स्टार्टअपने हे ऑफिस थाटलं होतं. ऑनलाइन दुकानं चालवणाऱ्या छोट्या कंपन्यांना चॅटवर उत्तरं द्यायला, सोशल मीडिया सांभाळायला मुलं-मुली लागतात. ती गावोगावी शोधून द्यायची हे आम्हा दोघींचं काम. मॅडमनी त्याआधी कैक वर्षं डोलवीच्या पोलाद कारखान्यात एका ठेकेदाराकडे माणसं भरली होती. आमचा मालक त्यांच्या मुलापेक्षाही लहान. व्हिडिओ कॉलवर तो 'कम्युनिटी' आणि 'रीच' यांच्यावर घसरला की मॅडम मध्येच विचारायच्या, "बाळा, जेवलास का?" मग पुढचं तो विसरून जायचा.

खरं म्हणजे त्याला तो रीच मॅडमनीच मिळवून दिला. त्यांचा एक रिवाज होता. निवड झालेल्या मुलीला खाली कारखान्यात न्यायचं, न रंगवलेल्या गणपतीपुढे उभं करायचं, तिच्या हातात नारळ द्यायचा आणि खांद्यावर हात ठेवून फोटो काढायचा. तो आमच्या फेसबुकच्या पानावर जायचा; खाली मुलीचं नाव, गाव, कंपनी, सगळं. "आपल्या लोकांना कागद नको. माणूस दिसला पायजे," असं त्यांचं म्हणणं. आणि ते खोटं नव्हतं. खाडीकाठच्या गावांतल्या आया मोबाइलवर तो फोटो दाखवत आमचा जिना चढायच्या. असे फोटो तुम्हीही पाहिले असतील, त्यांना लाइकही दिला असेल. त्यात भिण्यासारखं काही असेल असं कुणाच्या मनात तरी कसं यावं?

एक दिवस धरमतरकडच्या एका गावातून प्रणालीची आई पेढे घेऊन आली. प्रणालीला आम्हीच काम लावून दिलं होतं, घरात बसून चॅटवर उत्तरं द्यायचं.

"मॅडम, लय उपकार झालं तुमचं. पोरीला परदेशी धाडताव."

मॅडम हसल्या. "कोण धाडतंय गो?"

"तुमीच की! रोज तर बोलताव तिच्याशी मोबाइलवर. आज गेली ती रोह्याला. तिथनं गाडीनं गोव्याला, मग इमान."

मॅडमचा पेढा तोंडाशी नेलेला हात तिथेच थांबला. आईने लेकीला आलेल्या मेसेजचे, तिनेच पाठवलेले फोटो दाखवले. वर मॅडमचा नारळवाला फोटो, मॅडमचं नाव, नंबर मात्र भलताच, आणि खाली, "घरी कोण हाय गो तुझ्या? आईला सांग, मी हाय ना." पासपोर्ट काढायलाही याच 'मॅडम'नी सांगितलं होतं. आमच्या पानावर मॅडमच्या बोलण्याचे एवढे व्हिडिओ पडले होते की कुणी त्यांची बोलीसुद्धा उचलली होती. परदेशात संगणकाच्या कामाला म्हणून नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि कोंडून ठेवून लोकांना फसवायला बसवतात, हे आम्हा भरती करणाऱ्यांच्या ग्रुपवर सारखं येत असे.

मॅडमनी प्रणालीला फोन लावला.

"मी मॅडम बोलतेय गो. हायस तिथंच थांब."

प्रणाली घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "मॅडमनी सांगितलंय मला, त्यांच्या आवाजात कोणतरी फोन करील म्हणून. मशीनवर आवाज बनवतात. मला नका फसवू." फोन कट झाला. पुन्हा लागेना. माझाही नंबर तिने ब्लॉक केला होता.

इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मॅडम माझ्यासमोर साक्षात बसल्या होत्या आणि आपण आपणच आहोत हे त्या पोरीला पटवून देणं त्यांना जमत नव्हतं.

"स्कूटर काढ," त्या म्हणाल्या. प्रणालीच्या आईला कारखान्याच्या मालकाबरोबर पोलिसांकडे पाठवलं आणि आम्ही निघालो. एरवी मागे बसल्या की मॅडमच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, खड्डा बघ, ट्रक बघ, ब्रेक मार. त्या दिवशी नागोठणं मागे पडलं तरी अक्षर नाही. माझ्या खांद्यात नुसती त्यांची बोटं रुतली होती.

रोह्याच्या फलाटावर, अगदी टोकाच्या बाकावर प्रणाली बसली होती. नवी बॅग, नवे बूट. चहाच्या टपरीपाशी टोपी घातलेला एक माणूस होता, तो आम्हाला पाहून चालू लागला. तो त्यांच्यातला होता की साधा प्रवासी, मला आजही माहीत नाही. प्रणाली उठून मागे मागे सरकायला लागली. मॅडमनी तिचा हात धरला आणि स्वतःच्या गालाला लावला.

"बघ हात लावून. मशीन हाय का ही?"

पोरगी हमसाहमशी रडायला लागली. तेवढ्यात तिच्या मुठीतला फोन वाजला. मॅडमचाच फोटो, आणि खाली, "पोचलीस का गो?" मॅडम त्या फोटोकडे बघत राहिल्या. मी फोन ओढून घेतला, पण बंद करायचं धाडस मलाही होईना.

"मॅडम," प्रणाली म्हणाली, "माझ्याआदी एक गेलीय. रोह्याचीच. ती तिथं भेटंल बोललेले. नाव नाय सांगितलं."

तक्रार झाली, मॅडमच्या नावाचं ते खोटं पान बंद झालं. थोड्या दिवसांत दुसरं निघालं, त्याच फोटोचं. मॅडम रोह्यात घरोघर फिरल्या, कुणाची मुलगी बाहेरदेशी गेलीय का विचारत. कुणी हो म्हणेना. लाजेपायी लपवत असतील, नाहीतर तेही अजून कुठेतरी पेढे वाटत असतील. या दुसऱ्या शक्यतेने मला जास्त धडकी भरते.

मॅडमनी नोकरी सोडली. आमचा मालक म्हणाला, आपल्या पानासाठी नवा चेहरा शोधू. मॅडमनी त्याला काही ऐकवलं नाही, याचंच मला वाईट वाटलं. त्यांनी रोह्याला स्टेशनजवळ खोली घेतली. मी भेटायला गेले तर खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, "गोव्याकडनं गाडी यायची वेळ झालीय ना, त्या फलाटावर असतील."

त्या तिथेच होत्या. मला राग आला आणि रडूही आलं.

"अहो मॅडम, तिचं नाव ठाऊक नाही, फोटो नाही. तुम्ही तिला ओळखणार कशा?"

"मी नाय ओळखायची," त्या येणाऱ्या गाडीकडे बघत म्हणाल्या. "पण तिला माझं तोंड पाठ असेल. सुटून आली तर मला मारायला तरी धावून येईल."

गाडी थांबली. मॅडमनी उन्हासाठी घेतलेला पदर डोक्यावरून काढून खांद्यावर घेतला आणि उतरणाऱ्या प्रत्येक मुलीला नीट दिसेल अशा त्या पुलाच्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या.