भूकंपग्रस्ताचा दाखला

कपाट आवरताना भूकंपग्रस्ताचा जुना दाखला हाती आला. लातुरातल्या आमच्या घराच्या एका भिंतीला तडा गेला होता, बाकी काही नाही. दाखला ओळखीनं मिळवलेला. तेव्हा नावात इंटरनॅशनल असलेली एक शाळा नव्यानं निघाली होती. मराठी आणि इंग्रजी दोन्हींतून शिक्षण, दुपारचं जेवण, दारापर्यंत बस, आणि भूकंपग्रस्तांच्या मोजक्या मुलांना निम्मी फी. ताज्या रंगाच्या वासात, भर उन्हात मी खिडकीसमोरच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढं किल्लारीची एक बाई होती, लहान मुलीचं बोट धरून. "ताई, तुमचं कोण गेलं?" तिनं विचारलं. दाखला खरा वाटावा म्हणून मी म्हणाले, "सासूबाई." त्या तेव्हा घरी माझ्या मुलीला वरणभात भरवत होत्या. "माझी दोन लेकरं गेली. ही येवढी राहिली," असं म्हणून तिनं माझाच हात धरला. "मग लेकरू कुणापाशी ठेवून आलात?" "शेजारी." "अवो, मग म्होरं व्हा तुम्ही! परक्याच्या घरी लेकरू किती येळ राहील?" मी पुढं झाले. कारकुनानं माझा अर्ज घेतला आणि मागच्यांना सांगितलं, सवलतीच्या जागा संपल्या. तिनं लेकीला उचलून कडेवर घेतलं. "तुमचं तर झालं न्हवं? बरं झालं," म्हणाली आणि गेली. माझ्या मुलीला आजही वाटतं, निम्मी फी तिच्या हुशारीमुळं होती. मीच तिला तसं सांगितलं आहे.