रोहा ते पेण: छपराच्या पाइपाला पर्याय शोधताना

८ मार्च, रविवार. सकाळच्या गाडीने रोह्याहून पेणला गेले. दुकानं पाहिली, परतताना गडबला थांबले, दिवेलागणीला घरी आले.

कारण छपराचं पाणी. पन्हळीचा उभा पाइप पानांनी तुंबतो आणि पाणी भिंतीत मुरतं. शिडीवर चढून तो साफ करणं यजमानांचं काम होतं. ते गेल्या श्रावणात गेले. माझे गुडघे शिडी चढत नाहीत. मुलगा म्हणतो, "आई, पावसाआधी घर बंद कर आणि पुण्याला ये." मला इथेच राहायचं आहे, एकटीला सांभाळता येईल असं काही मिळायला हवं.

रविवारी गाडीत जागा मिळते. पेण स्टेशनवरून बाजारात शेअर रिक्षा स्वस्त पडते. दुकानदाराने पाइपाऐवजी लावायची, पाणी जिच्यावरून ओघळत उतरतं अशी साखळी दाखवली, तांब्याच्या रंगाच्या वाट्या ओवलेली.

"फोटोत फार छान दिसते, मावशी."

"आणि आषाढात?"

"आषाढात फोटो कोण काढतो?"

साधी लोखंडी साखळी वजनावर मिळते, बरीच स्वस्त. मी फक्त पोह्याचे पापड घेतले आणि एसटीने गडबला उतरले.

गडबचे नामदेवभाऊ माझ्या यजमानांच्याच कंपनीत होते. त्यांच्या ओटीला अशीच साखळी आहे. मला दाखवायला ते बादली घेऊन शिडीवर चढले आणि बेताने ओतू लागले. पाणी कडीकडीवरून गुपचूप खाली आलं. मला आवडलं.

त्यांची बायको मंदा खालून म्हणाली, "तुळशीला घालताय काय? वता सगळी."

त्यांनी बादली उपडी केली. निम्मं पाणी साखळी सोडून माझ्या साडीवर.

"शोभेला हाय ती," मंदा म्हणाली. "मोठ्या पावसात पाणी ऐकत नाय तिचं. मागं चला, वहिनी."

मागच्या बाजूला पन्हळच नव्हती. कौलं भिंतीपासून चांगली हातभर पुढे; पाणी सरळ खाली पडतं. तिथे दगडगोट्यांनी भरलेला चर, उतार केळींकडे.

"पानं अडकली तर?"

"खराटा मारते. शिडी नाय लागत, नवरा नाय लागत."

बोलून तिने जीभ चावली.

मी म्हटलं, "तेच बघायला आलेय गो."

मग तिने चहा टाकला.

कुणाला असं करायचं असेल तर आधी कौलं किती पुढे आहेत आणि जोतं किती उंच आहे ते पाहा. कौलं आखूड असतील तर पाणी भिंतीवरच उडेल. चराचा उतार घरापासून दूर हवा. आमची कौलं पुरेशी पुढे आहेत, हे मी घरी येताच पाहिलं.

मुलाला फोन केला. "मे महिन्यात दोन दिवस ये. पन्हळ उतरवायची आहे, खाली दगडांचा चर करायचा आहे."

तो म्हणाला, "दगड मी आल्यावर भरू. तू उचलू नकोस."

दिवसभरातलं हेच एक वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

मागच्या दारी कौलांच्या टोकाखाली काठीने चराची रेघ ओढली. माती कडक होती. तिच्यावर पाणी शिंपडून ठेवलं आणि वालाच्या शेंगा सोलायला बसले.