मान हलवणारे सर

बिलकीस आपा हट्टा गावच्या. जन्मापासून ऐकू येत नाही. शिवणकाम करतात. ब्लाउज घट्ट झाला तर दोष कापडाचा नाही, अंगाचा, हे हातांनी इतक्या ठामपणे सांगतात की गिऱ्हाईकच ओशाळून जातं. बाजारातल्या भाजीवाल्यांना त्यांनी खुणांची भाषा शिकायला लावली आहे. जो शिकत नाही त्याच्याकडून त्या कोथिंबीरसुद्धा घेत नाहीत.

हिंगोलीतल्या आमच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत मुख्याध्यापिका अनुसयाबाईंनी त्यांना परीक्षक म्हणून बोलावलं. शिक्षकांना ही भाषा किती येते, हे ऐकू न येणाऱ्यानंच तपासावं, असं बाईंच्या मनात आलं. जो पास होईल त्याला दहावीचा वर्ग. चौदा वर्षं मी त्या वर्गावर डोळा ठेवून होतो. खुणांच्या भाषेचं माझं प्रमाणपत्र भिंतीवर, आणि परीक्षा घेणार शिवणकाम करणारी बाई! राग आला होता, खोटं कशाला बोलू?

आधी मी बोललो. पाण्याचं चक्र हातांनी झकास समजावून सांगितलं. मग आपा सुरू झाल्या. हाताला कमालीचा वेग. सिद्धेश्वरचं धरण, मासे, बस, एवढं मला कळलं. बाकीच्याला मी हसत हसत मान हलवत राहिलो.

आपा थांबल्या. सावकाश खुणा करत विचारलं, "बस कोणी चालवली?"

"ड्रायव्हरनं," मी खूण केली.

"शेळीनं. आणि घरी येऊन मी माशांना काय शिवलं?"

मी पुन्हा हसून मान हलवली.

"सलवार," म्हणाल्या, आणि कागदावर नापास लिहून मोकळ्या झाल्या.

त्या निघाल्या तेव्हा मी फाटकाशी त्यांना गाठलं आणि खुणांनी विचारलं, "आपा, चौदा वर्षं शिकवून राहिलो मी. समजलं न्हाई तरी समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून मान हलवतो. त्यात काय बिघडलं?"

आपांनी उत्तर दिलं, तेही त्याच वेगात. माझी मान सवयीनं हलायला लागली. मी ती थांबवली.

"न्हाई समजलं. परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. मला दुसऱ्यांदाही कळलं नाही, तसं मी कबूल केलं. तिसऱ्यांदा त्यांनी एकेक खूण सावकाश केली.

"मी लहान होते. अब्बा वारले. आठ दिवसांनी शाळेत गेले आणि सरांना सांगितलं, माझे अब्बा गेले. सरांनी मान हलवली. हसले. शाब्बास म्हणून माझ्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली."

मला फार लाज वाटली. चौदा वर्षांत किती लेकरांनी माझ्यापुढे काय काय सांगितलं असेल, आणि त्यातल्या कितींना मी हसून शाब्बास म्हटलं असेल, कुणाला ठाऊक. मी निकालाचा कागद घडी करून खिशात ठेवला. दहावीच्या वर्गाचा विषय पुन्हा काढला नाही.