सत्कारानंतर बेपत्ता

ती घटना आजही आठवते, असं लिहून सुरुवात करायची ठरवलं होतं. आठवते हे खरं, पण ती मला आजही पूर्ण समजलेली नाही, हेही तितकंच खरं. नोकरीत बरेच गुन्हे उघड केले. हा एकच तपास असा, की ज्यात गुन्हा नव्हता, आरोपी नव्हता, आणि मी जे जे ठरवलं ते ते चूक निघालं. तरी वरिष्ठांनी पाठ थोपटली. घरी ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे. बायको म्हणते, आता लिहूनच टाका, म्हणजे आमची सुटका होईल. नावं मात्र कोणाचीच देत नाही.

मी तेव्हा नांदगाव खंडेश्वरकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. वर्षं वाईट चालली होती. कपाशीने दगा द्यायचा आणि आम्ही पंचनामे करायचे, असा क्रमच पडून गेला होता. शेतकरी माणूस घरातून बेपत्ता अशी खबर आली, की आधी विहीर बघायची, नातेवाइकांकडे चौकशी नंतर. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण प्रत्येक शिपायाला पाठ होता.

डिसेंबरातली दुपार होती. बंदोबस्ताच्या ड्यूट्या लावत होतो. फोन वाजला, हवालदाराने उचलला आणि रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाला, "सायेब, समुद्रातून फोन हाय."

पलीकडे आमच्याच हद्दीतल्या एका गावाचा मुलगा होता. अमेरिकेत इंजिनीअर. सुट्टीसाठी त्याने कॅरिबियन समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर एक बंगला भाड्याने घेतला होता, आणि गावाकडच्या आईवडिलांना विमानाची तिकिटं पाठवून तिथे बोलावलं होतं. विमान आलं, आईवडील आले नाहीत. विमान कंपनीने सांगितलं, ते मुंबईहून बसलेच नव्हते. मुलगा तेच तेच पुन्हा सांगत होता. तिथे पहाट होती.

मी गोंधळलो तो तिथपासून. बंगला भाड्याने, तोही पंधरा दिवसांसाठी, हे माझ्या डोक्यात शिरेना. आमच्याकडे भाडेकरू म्हटला की अकरा महिन्यांचा करार आणि बारा वर्षांचा कज्जा. मी विचारलं, घरमालक कुठे राहतो? म्हणाला, माहीत नाही, कधी पाहिला नाही. किल्ली कोणी दिली? स्वयंपाकाच्या बाईने. सात खोल्या, मागे पोहायचा हौद, पुढे समुद्र, आणि मालकाचा पत्ता नाही. हे ऐकून माझ्यातला पोलीस खडबडून जागा झाला. हा स्मगलिंगचाच अड्डा, असं मी मनाशी पक्कं केलं आणि भिंतीवरच्या नकाशात ते बेट शोधायला उठलो. नकाशा अमरावती जिल्ह्याचा होता.

मिसिंग दाखल करून गावात गेलो. नाहीशी झालेली व्यक्ती म्हणजे साठी उलटलेले काका, पोटापुरती जमीन, डोक्यावर कर्ज नाही, व्यसन नाही. सोबत काकू. कारण सापडेना. गावाने मात्र एक गोष्ट अगदी रंगवून सांगितली. गावातून समुद्रापलीकडे जाणारं हे पहिलं जोडपं, म्हणून शाळेपुढे मंडप टाकून त्यांचा सत्कार झाला होता. सरपंचांनी शाल-श्रीफळ दिलं. मुख्याध्यापकांनी वेस्ट इंडीजवर भाषण केलं, ते बहुतेक क्रिकेटवरच झालं. काकूंची ओटी भरली. मग दोन जीपगाड्या भरून गाव बडनेरा स्टेशनवर गेलं आणि गळ्यात हार घातलेल्या त्या दोघांना मुंबईच्या गाडीत बसवून परत आलं.

सगळं गाव सत्काराला होतं. एक माणूस सोडून.

ती टीप मला पानठेल्यावर मिळाली. काकांच्या शेताला लागून ज्याचं शेत, त्या शेजाऱ्याचा आणि काकांचा धुऱ्यावरून, म्हणजे सामाईक बांधावरून, कोर्टात दावा चालू होता. बोलाचाली बंद. सत्काराच्या दिवशी तो चारचौघांत म्हणाला होता, हा काही परत येत नाही. एवढं मला पुरे होतं. त्याला ठाण्यात बोलावलं.

उंच, वाळलेला, काकांच्याच वयाचा माणूस. बाकावर बसला तो अंग चोरून. बोलताना सारखा खोकत होता. चौकशीत माणूस खोकायला लागला की तो वेळ मारून नेतो, हे मी शिकलो होतो आणि शिकवतही होतो. सत्काराला का गेला नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, बोलावलं नव्हतं. दावा किती जुना? त्याला आठवेना.

"परत येत नाही, असं काहून म्हनला?" मी वऱ्हाडीवर आलो. माणूस आपल्या बोलीत लवकर खरं सांगतो, हाही माझाच शोध.

"म्हनलो ना सायेब. तो पोराजवळच राहून जाईन. इकडं काय ठेवलं हाय? मंग मी तारीख कोनासंग लढू?"

हे मी 'उत्तर समाधानकारक नाही' असं टिपून घेतलं.

जो विमानात बसला नाही, तो गुपचूप गावाकडे आला असेल, आणि गुपचूप आला असेल तर त्याचं कारण काय, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी काकांच्या शेतातल्या विहिरीत गळ टाकला. काठावर निम्मं गाव जमलं. गळ कशात तरी अडकला आणि ओढता ओढेना. बायकांनी तोंडाला पदर लावला. पायऱ्या ढासळलेल्या, पाणी बर्फासारखं. आत कोण उतरणार, म्हणून आम्ही एकमेकांकडे बघत असताना शेजाऱ्याने अंगातला सदरा काढला, दोर कमरेला बांधला आणि कोणाला न विचारता उतरला.

बराच वेळ तो पाण्यात खाली-वर करत राहिला. शेवटी जुन्या मोटेचा लोखंडी सांगाडा तेवढा मोकळा करून वर आला. दात वाजत होते, धाप लागली होती. "नाईत सायेब. नाईत इथं," एवढंच म्हणाला आणि धुऱ्यावर डोकं धरून बसला.

मी हवालदाराला बाजूला घेऊन म्हणालो, याला प्रेतं कुठे नाहीत ते माहीत आहे, म्हणजे कुठे आहेत तेही माहीत असणार. हवालदार माझ्याकडे बघत राहिला. ते कौतुक आहे, असं मला वाटलं.

दुपारी मुलाचा फोन आला. बिनतारी संदेशात अंगावरच्या आणि सोबतच्या कपड्यांचं वर्णन द्यावं लागतं, म्हणून मी काकूंच्या गल्लीतल्या एका बाईकडून मिळालेली माहिती त्याला वाचून दाखवली. काकूंनी दोन स्वेटर आणि काकांसाठी कानटोपी मागून नेली होती.

"स्वेटर?" मुलगा म्हणाला. "मी तर फक्त सुती कपडे आणा म्हणालो होतो. इथे घाम निथळतो, साहेब."

माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. घामाच्या गावी जाणारा माणूस स्वेटर मागून नेत नाही. म्हणजे त्यांना तिथे जायचंच नव्हतं. आधीच थंड ठिकाणी जायचा बेत होता. आणि वऱ्हाडातल्या माणसाला थंडी एकाच गावची माहीत. चिखलदऱ्याला संदेश लावला. संध्याकाळी उत्तर आलं, वर्णनाचं जोडपं मिळून आलं आहे, सुखरूप आहे, काय करायचं?

दुसऱ्या दिवशी जीप काढून परतवाड्यावरून घाट चढलो. कॉफीच्या एका बागेला लागून दोन खोल्यांचा बैठा बंगला होता. काका कानटोपी घालून उन्हात बसलेले, काकू चुलीशी. पोलिसांची गाडी बघून दोघंही उभे राहिले, शाळेतल्या पोरांसारखे. काकूंनी आधी चहा टाकला. मी स्वेटरवरून त्यांचा बेत कसा ओळखला, ते जरा सविस्तर सांगितलं. काकू ऐकत होत्या.

"कायचा बेत?" त्या म्हणाल्या. "फॉरेनले थंडी नसते का?"

हवालदार बाहेर जाऊन उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

मग काकांनी सांगितलं ते असं. मुंबईच्या विमानतळावर कागद बघून काउंटरवरच्या पोरीने सांगितलं, मधल्या एका देशात विमान बदलायचं आहे, तिथला परवाना तुमच्याकडे नाही, बसता येणार नाही. मुलगा तोवर बेटावर जायला निघालेला. नंतर बंगल्याचा नंबर लावला, तर कोणी बाई इंग्रजीत बोलू लागली. काकांनी घाबरून फोन ठेवला. गावात फोन एकच, सरपंचांच्या ओसरीवर. तिथे लावायचा तर गावाला दवंडीच. परतीच्या गाडीत बसले, पण बडनेऱ्याला उतरायची हिंमत होईना. अकोल्यालाच उतरले. स्टेशनबाहेर बाळापूरचा एक जीपवाला चाचा भेटला. इतक्या थंडीत वर काय करणार, असं त्याने विचारलं, आणि तरी इथे चिखलदऱ्याला आणून सोडलं.

"पण घरी का आला नाहीत?" मी विचारलं.

"सत्कार झाला ना सायेब," काका म्हणाले. "शाल घेतली, नारळ घेतला. सरपंच पाया पडला. मंग चौथ्या दिवशी पिशवी घेऊन कसं उभं राहाव? अन् तो धुऱ्यावरचा. तो तर हसून हसून मरन. पंधरा दिवस इथं काढतो, परतीच्या तारखेवर बडनेऱ्याले उतरतो. तेवढं करू द्या. कोनाचं काई बिघडते का?"

हातच जोडले त्यांनी. कायद्याने मला त्यांना अडवता येत नव्हतं. सज्ञान माणूस, स्वखुशीने राहिलेला. पण गावात काय झालं ते सांगणं भाग होतं. मिसिंग दाखल झाली, विहिरीत गळ टाकला, बायका रडल्या, सगळं सांगितलं.

"माह्या हिरीत?" काकांनी कानटोपी काढली. "कोन उतरलं?"

मी सांगितलं.

काकांनी हातातली कानटोपी खिशात कोंबली. मग म्हणाले, "त्या पान्यात? त्याले दमा हाय, सायेब." आणि आत वळून काकूंना म्हणाले, "सामान भर."

चिखलदऱ्याच्या ठाण्यातून बेटावर फोन लावला. मुलगा आधी रागावला, मग रडला, मग लगेच इकडे निघतो म्हणाला. काकूंनी रिसीव्हर घेतला. बंगल्याच्या खोल्या विचारल्या, स्वयंपाकघर कोणत्या बाजूला, बाई बरी रांधते का ते विचारलं, आणि म्हणाल्या, "भाडं देल्लं ना? मंग राह्य दोन दिवस, समुद्र पाह्य. आमच्या वाटचा बी पाह्य. मंग ये."

गावात शिरताना काकांनी जीप आपल्या घराच्या अलीकडेच थांबवायला सांगितली. शेजारी गोठ्यासमोर बैलांना कडबा टाकत होता, अंगावर घोंगडी. त्याने आम्हाला पाहिलं. मी गाडीतून उतरलो, कारण भांडण झालंच तर मध्ये पडायला हवं होतं.

"लवकर आले," तो म्हणाला.

"गेलोच नाई. इमानात बसूच देल्लं नाई."

शेजारी हसला नाही. कडब्याची पेंढी हातातच राहिली.

"पान्यात काहून उतरला बे?" काकांचा आवाज चढला. "मेला असता म्हंजे?"

"मंग कोन उतरन? तुह्या हिरीतला गाळ मलेच मालूम हाय," तो म्हणाला. खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत काका त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. काकू सरळ त्याच्या घरात गेल्या आणि त्याच्या बायकोला चहाचं सांगू लागल्या.

वरिष्ठांनी स्वेटरचा तपास पुढे दोन-तीन बैठकांत उदाहरण म्हणून सांगितला. मी खाली मान घालून ऐकला. नम्रता आहे, असं लोकांना वाटलं.

धुऱ्याचा दावा काही मिटला नाही, आणि तो मिटवायला सांगणारा मी कोण? मला त्या केसने एक प्रश्न तेवढा दिला. कोणाचा वैरी म्हणून माणूस समोर बसवला, की पुढे मी आधी त्याला विचारायचो, तुझा वैरी उद्या नसला तर तुझं काय जाईल? ज्याचं काहीच जाणार नसे, तो पटकन बोलून मोकळा व्हायचा. त्याच्यावर मी नजर ठेवायचो. जो अडखळायचा, खाली बघायचा, उत्तर शोधत राहायचा, त्याला घरी पाठवून द्यायचो.