ओल्या रंगाच्या जाळ्या

पोलिसातल्या नोकरीत पाहिलेले बरेच अपघात आता पुसट झाले आहेत. परभणी तालुक्यातल्या एका जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातला, अपघात मात्र तपशिलासकट लक्षात आहे. नावे मुद्दाम देत नाही.

कापसाचा हंगाम भरात होता. सकाळी जिनिंगचा मॅनेजर ठाण्यात लेखी फिर्याद घेऊन आला. मशीनजवळ काम करणाऱ्या एका बाईचा हात पट्ट्यात सापडून चार बोटे तुटली होती. पट्ट्यावरची लोखंडी जाळी फिटरने आदल्या दिवशी दुरुस्तीसाठी काढली आणि परत बसवलीच नाही, असे फिर्यादीत होते. ठाणे अंमलदाराने गुन्हा नोंदवला. फिटरही मॅनेजरसोबतच आला होता.

"चूक माजीच हाय, साहेब," एवढेच तो म्हणाला.

मला तिथेच खटकले. हातून चूक झालेला माणूस ती कशी झाली हे सांगत बसतो. हा मात्र काहीही विचारले तरी तेच वाक्य म्हणे आणि दर वेळी मॅनेजरकडे बघे.

पंचनाम्याला निघणार तेवढ्यात फोन वाजला. बाईचा आवाज होता. "साहेब, लवकर या. जाळ्या आत्ता बसवायलेत. हंगामभर एका बी मशीनला जाळी नव्हती." नाव न सांगता तिने फोन ठेवला.

आम्ही पोहोचलो तेव्हा बाकीच्या सातही मशीनना हिरव्या जाळ्या होत्या. आमच्या जमादाराने एका जाळीला हात लावला, तर बोटे हिरवी झाली. अपघात झालेल्या मशीनवर बोल्टची भोके गंजाने आणि जुन्या कचऱ्याने बुजलेली होती. आदल्या दिवशी जाळी काढली असती तर भोके मोकळी दिसली असती. पंचांसमक्ष सगळे नोंदवून घेतले.

दुपारी फिटरला एकट्याला बसवून चहा दिला आणि जमादाराची हिरवी बोटे दाखवली. त्याने कप खाली ठेवला. मग सगळे बाहेर आले. जाळी असली की कचरा काढायला मशीन थांबवावे लागे, म्हणून मालकाने हंगामाच्या सुरुवातीलाच सगळ्या जाळ्या काढायला लावल्या होत्या. फिटरने दोनदा धोका सांगून पाहिला होता. आता गुन्हा अंगावर घेतला नाही तर काम जाईल, असा मॅनेजरने दम भरला होता.

संध्याकाळी मी जखमी बाईचा जबाब घ्यायला सरकारी दवाखान्यात गेलो. हात बँडेजमध्ये गुंडाळलेला होता. नुकसानभरपाईचे विचारेल असे मला वाटले होते. तिने विचारले, "मशिनी चालू हायत का, साहेब? माजी धाकटी बहीण तिथंच कामाला हाय."

दुसऱ्या दिवशी मालक वकिलासह आला. वय पस्तिशीच्या आसपास, पुण्यात शिकलेला, वडिलांनंतर कारभार हाती घेतलेला. वकील म्हणाले की रोजच्या कामाची जबाबदारी फिटरची आणि मॅनेजरची असते. मी वाद घातला नाही. बाईचा जबाब समोर धरला आणि तिचा प्रश्न वाचून दाखवला.

मालक बोलायला पुढे झुकला. वकिलांनी त्याच्या हातावर हात ठेवला. तो त्याने बाजूला केला.

"जाळ्या मी काढायला लावल्या," तो म्हणाला. "फिटरनं नको म्हटलं होतं. त्याला घरी जाऊ द्या, साहेब."

मग माझ्यासमोरच त्याने जिनिंगला फोन लावून सगळी मशीन बंद करायला सांगितले. कारखाने निरीक्षकांची तपासणी होईपर्यंत ती बंदच राहिली, भर हंगामात. दोषारोपपत्रात मालक आणि मॅनेजर आरोपी झाले, फिटर साक्षीदार. न्यायालयातही मालकाने शब्द फिरवला नाही. शिक्षा झाली, ती भोगली. बाईला त्याने परत कामावर घेतले आणि सुरक्षेची देखरेख तिच्याकडे सोपवली.

निवृत्तीच्या थोडे आधी मी पुन्हा त्या जिनिंगमध्ये गेलो होतो. मी उभा असतानाच त्या बाईने एक मशीन थांबवले. एका मजुराचा रुमाल पट्ट्याजवळ लोंबत होता. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती. मालक ऑफिसातून आला, कारण ऐकले आणि मान हलवून तिच्या शेजारी उभा राहिला.

चांगला माल आणि मोठी उलाढाल असलेले मालक मी पुष्कळ पाहिले. धंद्यात नीती कशाला म्हणतात, हे कुणी विचारले तर मी एवढेच सांगतो: ज्याच्या हुकमाने मशीन चालते, त्याला ते थांबवायला सांगण्याची हिंमत त्याच्या हाताखालच्या माणसाला झाली पाहिजे. त्या दिवशी मशीन पुन्हा कधी सुरू करायचे, हे त्या बाईने ठरवले.