मशालीत काळी पडलेली माळ

चुलीत मिठाची चिमूट पडली की जाळ भडक पिवळा होतो. चिंच-मीठ लावून घासलेलं तांब्याचं भांडं चढवलं की त्याच्या कडेनं हिरवट जीभ निघते. हे बघण्यात माझ्या भाकरी करपायच्या. "जाळात काय पाहून राह्यली वं? सासरी तुही भाकर कोन उलथवन?" आई ओरडायची. जाळाला रंग येतो कुठून, एवढंच मला हवं होतं. ते अजून कळलेलं नाही, आणि कळल्याशिवाय मरायचं जिवावर येतं.

अकोल्याला मोर्णेकाठी आमचा फुलांचा मळा होता. दूरदेशी कुठं लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीकडचे आमचे सोयरे आपला मळा मोडून कापूस पेरून बसले आणि त्यांचे पाय जमिनीला लागेनात. त्यांच्याच घरात माझं लग्न ठरलं. मी अकरा-बारा वर्षांची असेन. त्यांनी वऱ्हाडी मंडळींबरोबर आतषबाजीवालाही आणला. तो मांडवामागं चंद्रज्योतीच्या नळ्यांत मोरचुदाची निळी पूड भरत बसला होता. हळदीच्या अंगानं मी तिथं जाऊन उभी.

"मोरचूद काहून टाकता?"

"उजेड निळा पडते, नवरीबाई. जा आता, कोनी पायलं तं मले बोलतीन."

नवरदेवाची माळ नवरीनं स्वतः ओवायची, ही आमच्या घरची रीत. मी मोगऱ्यात गोकर्णाची गडद निळी फुलं ओवली होती. दुपारच्या उन्हात ती अशी खुलली की नावं ठेवण्यात पटाईत असलेली माझी काकूसुद्धा गप्प राहिली.

मुहूर्त गोरज होता, पण मानपान आणि रुसवेफुगवे आटपेपर्यंत चांगलाच अंधार पडला. मशाली पेटल्या. अंतरपाट निघाला, मी माळ उचलली आणि माझाच हात थबकला. तेलाच्या त्या पिवळ्या उजेडात निळं फूल एकही उरलं नव्हतं. मोगरा पिवळट दिसत होता आणि मधे सगळं काळंभोर.

"थांबा!" सासूबाई पुढं आल्या. "माह्या पोराच्या गळ्यात काळी माळ? हे लगन होनार नाही. चाला रे, बैल जुपा!"

बाबांनी पागोटं काढून हातात घेतलं. मांडवातून परतलेल्या पोरीला पुढं कोण विचारतं? मामा माझ्या पाठीशी उभा होता. नवरीनं तोंड उघडायचं नसतं, पण मी उघडलं.

"मामा, फुलं निळीच हायेत. मशालीत दिसून नाही राह्यली. चंद्रज्योत लावाले सांग."

मामा धावला. सर्रकन आवाज झाला आणि मांडव निळ्या उजेडात न्हाला. मोगरा निळसर पांढरा झाला, गोकर्ण निळं झालं. "पाहा, निळीच हायेत!" काकू ओरडली. मी हरखून वर पाहिलं, तर सासूबाईंच्या कपाळावरचं कुंकू काळं पडलं होतं. त्यांच्या बहिणीचं काळं, जावेचं काळं. मांडवातल्या एकूणएक सवाष्णीचं कुंकू काजळासारखं.

सासूबाई बहिणीच्या कपाळाकडं टक लावून बघत होत्या. त्यांनी आपल्या कपाळाला बोट लावलं आणि डोळ्यांसमोर धरलं. बोट काळं. आता मात्र संपलंच सगळं, असं मला वाटलं.

तेवढ्यात चंद्रज्योत विझली आणि परत मशालींचा पिवळा उजेड उरला. सासूबाईंनी बोट अजून तसंच धरलं होतं. ते लालभडक दिसत होतं. त्यांनी बोटाकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या काळ्या माळेकडं, मग पुन्हा बोटाकडं.

"उभी काहून राह्यली वं?" त्या म्हणाल्या. "घाल माळ."