खोबरेल तेलाने बसवलेली ग्रिप

मला किळस फार पटकन येते. हॉटेलात पेला आला की मी तो आधी उजेडात धरून बघतो, लिफ्टचं बटण किल्लीच्या टोकाने दाबतो. घरात यावरून माझी भरपूर थट्टा झाली आहे. असा माणूस पुणं सोडून गाझियाबादच्या एका सोसायटीत राहायला आला आणि रोज मोटरसायकलने नोएडाच्या ऑफिसात जाऊ लागला. दोष कुणाला देणार?

गाडी पुण्याहून रेल्वेने आणलेली, चालायला उत्तम. पण इथल्या तिसऱ्या उन्हाळ्यात तिच्या हँडलच्या दोन्ही ग्रिप पाघळल्या. मुठीत धरायचं ते रबर उन्हात राहिलेल्या गुळासारखं बोटांना लागायला लागलं. त्यावर धूळ बसायची, धुळीवर माझा घाम, आणि त्याचा लगदा तळहाताच्या रेघांमध्ये जाऊन बसायचा. साबणाने तो निघत नसे. सॅनिटायझर चोळला तर काळं पाणी मनगटापर्यंत ओघळायचं. त्याला वासही होता, जळक्या टायरचा आणि शिळ्या घामाचा. जेवताना तो घासाबरोबर नाकाशी यायचा, म्हणून मी पोळी-भाजी काट्याचमच्याने खायला लागलो. बायको म्हणाली, “आता बिल्कुल साहेब झालास.”

मुलगी तेव्हा चौथीत होती. सकाळी तिला शाळेत सोडायचं काम माझं. वीस मिनिटांचा रस्ता. संध्याकाळी मी घरी पोचायचो तेव्हा ती जेवून पेंगायला लागलेली असे, त्यामुळे बाप म्हणून माझ्या वाट्याला जे काही यायचं ते या वीस मिनिटांत. ती मागे बसून माझ्या कमरेला विळखा घालायची आणि हेल्मेटच्या आतून अखंड बोलायची. कोण कुणाशी कट्टी, कुणाच्या डब्यात काय, कुठल्या मॅमचा मूड खराब. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि हॉर्नच्या गोंगाटात त्यातलंही अर्धंच ऐकू यायचं. तरी मला ते हवं असायचं.

एकदा शाळेच्या फाटकाशी मी तिची कॉलर नीट केली. दिवसभर तिच्या पांढऱ्या शर्टावर माझी पाच बोटं उमटलेली राहिली.

“बाबा, सगळे हसत होते यार,” ती संध्याकाळी म्हणाली. “एकाने विचारलं, पापा मेकॅनिक हैं क्या?”

“मग तू काय म्हणालीस?”

“काही नाही.” मग ती म्हणाली, “अच्छा, मी व्हॅनने जाऊ का?”

आमच्या इमारतीतली सगळी मुलं व्हॅननेच जायची. मी म्हटलं, “नको, नको. मी ग्रिप बदलतो. याच शनिवारी.”

तिने विचार केला. “ठीक आहे. पण काळ्या नको, लाल आण.”

शनिवारी करोलबागला गेलो. तिथल्या गाड्यांच्या सामानाच्या बाजारात शिरलं की दोन्ही बाजूंनी लोक ‘सर, सर’ करत बाहीला धरतात. बाहीला धरलेलं मला आधीच चालत नाही. दुकानात कवट्यांची चित्रं असलेल्या ग्रिप होत्या, काटे असलेल्या होत्या, अंधारात चमकणाऱ्या होत्या. एक स्पंजची होती, ती शेकडो गिऱ्हाइकांनी दाबून तेलकट झालेली. मलाही “दबा के देखिए” असा आग्रह झाला. मी दुरूनच बघितली. शेवटी साधी, बारीक ठिपक्यांची लाल रबराची एक जोडी मिळाली, पाकीटबंद.

बसवून देणारा माणूस बाहेर फुटपाथवर उकिडवा बसला होता. गालात गुटखा. त्याने पाकीट फोडलं, नवी कोरी ग्रिप तोंडाशी नेली आणि आत थुंकायच्या बेतात आला. मी ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली.

तो शांतपणे म्हणाला, “थूक से मक्खन की तरह चढ़ती है, सर. शाम तक सूख के जाम.”

“मैं घर पे लगा लूँगा.”

“लगा लो. बस तेल-वेल मत लगाना.”

त्याला रागही आला नाही. मी मात्र मेट्रोच्या खांबापर्यंत ती ग्रिप रुमालाने पुसत गेलो. रोज सकाळी जी मी मुठीत धरणार, तिच्यात हा माणूस थुंकणार होता.

पुढच्या आठवड्यात खंडेनवमी आली. माझ्या वडिलांची पद्धत अशी की त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुसायची, तेलाचं बोट लावायचं आणि पाटावर मांडून पूजा करायची. हत्यारं म्हणजे पक्कड, पाना, हातोडी आणि विळी. मी ती पद्धत इथेही ठेवली आहे. पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पसरून मुलगी एकेक वस्तू खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसत बसली, आणि मी हातमोज्यांवर हातमोजे चढवून जुन्या ग्रिप ब्लेडने कापायला घेतल्या. त्या सुटेनात. चिकट रबराच्या तारा निघत होत्या, मोज्यांना चिकटत होत्या. तोंडाला रुमाल बांधून मी तासभर खरवडलं, मग पेट्रोलने पुसलं, तेव्हा कुठे आतली नळी दिसली.

मुलीने बोळा पुढे केला. “बाबा, हे पण लोखंड आहे ना? लावू?”

नवमीचा दिवस, लोखंड समोर, तेल हातात. “लाव,” मी म्हटलं.

ग्रिप सर्रकन आत गेली. मी खूश झालो. करोलबागच्या माणसाने काय सांगितलं होतं ते मला आठवलंही नाही. ते ज्या तोंडातून आलं होतं त्या तोंडाकडे बघून मी ते नीट ऐकलंच नव्हतं.

दसऱ्याला गाडी झेंडूचा हार घालून पार्किंगमध्येच उभी राहिली. शाळा उघडली त्या सकाळी मुलगी मागे बसली, खांद्यावरून वाकून बघत म्हणाली, “मस्त दिसतायत.” उजवी ग्रिप ॲक्सिलरेटरच्या खाचांच्या नळीवर बसते, ती टिकली. डावी बसते नुसत्या गुळगुळीत दांड्यावर. भाजीबाजाराजवळच्या स्पीडब्रेकरवर ती अख्खी माझ्या हातात आली. हँडल वेडंवाकडं झालं, गाडीने आचका दिला आणि बंद पडली. पाय टेकला म्हणून पडलो नाही. ग्रिप मात्र हातातून उडून कडेच्या उघड्या नाल्यात गेली.

नाला म्हणजे काळं पाणी, प्लास्टिक, दसऱ्याची कुजकी फुलं आणि एक फुगलेली घूस. मी गाडी स्टँडला लावेपर्यंत मुलगी उतरून काठाशी बसली होती आणि दोन्ही हात आत घालून शोधत होती. ग्रिप घेऊन पळत आली, कोपरापर्यंत चिखल, चेहरा फुललेला.

“बाबा, मिळाली!” आणि तिने माझा हात धरायला हात पुढे केला.

मी मागे सरलो. “छी! टाक ते. मला हात लावू नकोस.”

भाजीवाले वळून बघायला लागले इतक्या जोरात ते निघालं. ती जागच्या जागी थांबली. मग तिने ग्रिप अलगद फुटपाथवर ठेवली आणि हात स्वतःच्या स्कर्टला पुसले. मी भानावर येऊन बाटलीतलं पाणी ओतलं, सॅनिटायझर ओतला, पुन्हा पाणी. ती हात पुढे धरून उभी राहिली. उरलेला रस्ता ती मागचा कठडा धरून बसली. माझ्या कमरेला तिचा विळखा नव्हता.

तिला सोडून मी पुन्हा नाल्यापाशी आलो. ग्रिप तिथेच होती. हातमोजे बॅगेत होते, घातले नाहीत. तशीच उचलली. पण ते बघायला ती तिथे नव्हती.

संध्याकाळी तिने आईला सांगितलं की उद्यापासून ती व्हॅनने जाणार. आईने कारण विचारलं तर म्हणाली, “असंच.”

मी म्हटलं, “अगं, ग्रिप उद्या नीट बसवून आणतो.”

“अच्छा,” ती म्हणाली आणि चित्र रंगवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीबाहेरच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने दांडा पेट्रोलने पुसला, धुतलेल्या ग्रिपमध्ये चांगलं तोंडभर थुंकला आणि ती चढवली. मी समोर उभा राहून बघितलं. संध्याकाळपर्यंत ती वाळून घट्ट झाली.

त्याला आता दीड वर्ष झालं. ग्रिप तसूभर हललेली नाही. व्हॅन सात वाजता येते, मी साडेआठला निघतो. ऑफिसात पोचल्यावर मला हात धुवावेसुद्धा लागत नाहीत.